तयार

महापेच्या या इमारतीला खिडक्या नाहीत.
आत बत्तीस यजमान, चारशे अकरा पाहुणे,
आणि प्रत्येक पाहुण्याला वाटतं
घर आपल्या एकट्याचंच.

माझं काम एवढंच, हा समज मोडू न देणं.

एका खऱ्या कोअरवर चार मानीव बसवले तरी भागतं,
कारण सगळे एकदम जागे होत नाहीत.
हजेरीचं यंत्र सकाळी नऊला धावतं,
पगाराचं महिनाअखेर,
निविदांचं, खरं सांगायचं तर, मार्चपासून झोपलंय.
सरासरी काढून आखणी केली होती मी.
सरासरी रात्र कधी येत नाही.

तीस सप्टेंबरची आली.
एकाच यजमानाकडे सहा पतपेढ्यांचं सहामाही व्याज,
आणि सव्वाअकराला पेंढरकरांचा फोन :
"मॅडम, आठ प्रोसेसर दिलेत, सोळा करा.
आमचा आलेख शंभरावर टेकलाय."

टेकला होता, आतून.
बाहेरून, माझ्या पडद्यावर, त्यांचं यंत्र
निम्मा वेळ नुसतं उभं होतं
एका वेगळ्याच रकान्यात.
रकान्याचं नाव : तयार.

तयार म्हणजे सगळं हातात घेऊन.
तयार म्हणजे दार अजून उघडलेलं नाही.

दुपारी भोईरवहिनींच्या खानावळीत
मी एकटी गेले की भिंतीकडची खुर्ची मिळते.
दारात ऑडिटची आठ माणसं,
सगळ्यांना एकत्रच बसायचंय,
जोडलेली दोन टेबलं एकदम रिकामी हवीत.
माझं ताक पिऊन होतं
तरी ती बेसिनपाशीच.

म्हणून सोळा केले नाहीत.
यंत्र दोन मिनिटं बंद ठेवलं, आठाचे चार केले.
पेंढरकर गप्प. मग : "मेलवर लिहून द्या."
लिहून दिलं.

पावणेदोनला शेवटच्या खात्यात
एकशे बारा रुपये चाळीस पैसे जमा झाले.

सकाळी त्यांची मागणी आली, रीतसर फॉर्मवर :
सोळा. पुढच्या खेपेला हाताशी असावेत.

त्याखालीच माझं वार्षिक मूल्यमापन उघडं होतं.
साहेबांनी सलग तिसऱ्या वर्षी
तोच शेरा मारलाय, वरच्या पदासाठी
तयार.

बाहेर महापे सर्कलला ऊन चढलं होतं.
आतून मी शंभरावर.