दोनदा हाक

कोर्टात माझं नाव तीन वेळा पुकारलं,
तिन्ही वेळा चुकीचं.
तरी मी उभा राहिलो.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत एवढं अंगवळणी पडलंय.

ऐझॉलचं धुकं खिडकीशी येऊन थांबलेलं,
आत माझी झोप वाचली जात होती:
कोषागाराचा पहारा, पहाटे तीन दहा ते तीन पन्नास,
डोकं भिंतीला, रायफल मांडीवर.
मग रायफल मांडीवर नाही.
इन्स्पेक्टर थानसियामांनी ती अलगद काढून घेतली
आणि तिच्याच दस्त्यानं मला ढोसलं.

झोपलो होतो. हे मी कधीच नाकारलं नाही.
खातेनिहाय चौकशी बारा मिनिटांत आटोपली,
बडतर्फीचा कागद मात्र दोन पानी.

सरकारी वकील म्हणाले, एकाची डुलकी माफ केली
तर उद्या अख्खं ठाणं घोरेल.
माणूस वाईट नव्हता. त्याचा डावा बूट उसवलेला होता.

न्यायाधीशांनी चष्मा काढला.
"हा का झोपला, हे कुणी विचारलं होतं?"
पानं उलटली गेली. पुढे, मागे, पुन्हा पुढे.
रुआतीचा ताप, तीन रात्री, ओल्या फडक्याची बादली,
यातलं काहीच त्या फायलीत नव्हतं.
मीही सांगितलं नव्हतं.
विचारल्याशिवाय वरिष्ठांशी बोलायचं नसतं.

निकाल इंग्रजीत आला. वकीलबाई झोदिनपुईंनी
जिन्यातच मिझोत उतरवून दिला:
झोप कायम, शिक्षा रद्द.
कोर्ट नव्यानं चौकशी करत नाही, फक्त तराजू बघतं;
कसूर तोळ्याची, वजन मणाचं.
खात्यानं तीन महिन्यांत दुसरी शिक्षा ठरवावी.
"म्हणजे कोण ठरवणार?"
"तेच. त्याच टेबलावर."
त्या हसल्या. मीही हसलो, जिंकल्यावर हसतात तसा.

खाली चहाच्या टपरीवर थानसियामा भेटले,
आता निवृत्त, हातात मोहरीच्या पाल्याची जुडी.
माझ्यासाठी थिंगपुई सांगितला, गुळाचा खडा वेगळा.
बराच वेळ कपात बघून म्हणाले,
"रायफल काढायच्या आधी दोनदा हाक मारली होती तुला.
अहवालात लिहायचं राहिलं."

राहिलं की राहू दिलं, आणि कुणासाठी,
मी विचारलं नाही.
गूळ दाताखाली कुरकुरला.
"एक ऐकू आली होती," मी म्हटलं.
"मला वाटलं, पोर पाणी मागतेय.
'आलो' म्हणालो,
आणि तिथंच बसून राहिलो."