पेटी सदतीस

मी मीटर बघतो. तळेकोप ते नदीकडची वस्ती,
दोनशे अकरा घरं.
यंत्रातून कानडीत चिठ्ठी निघते,
ती एका दारात मराठीत वाचून दाखवायची,
पुढच्या दारात परत कानडीत.
एष्ट बंतु? किती झालं?
आकडा दोन्हीकडे सारखाच झोंबतो.
गावावरून मोठी लाईन जाते, गुणगुणत,
इथं उतरत नाही.

माझे वडील भावकाण्णा
अणुखात्याच्या शेडवर राखणदार होते.
खातं म्हणजे काय, गावाला नीट कळलं नाही कधी.
जीप आली, हिरवे तंबू आले,
टेकडीच्या पाठीत तीन बोटं रुंद भोक पाडत
मशीन रात्रंदिवस कण्हत राहिलं.
वर आले ते दगडाचे दांडके,
गोल, गार,
उसाच्या कांड्यांसारखे पेट्यांत मांडलेले.
पेटीवर रंगानं नंबर, खोली आणि बाण.
बाण नेहमी पाताळाकडे.

एका वर्षी तंबू उठले.
दिल्लीत धोरण बदललं, साहेब म्हणाले.
कुठलं, ते वडिलांनी विचारलं नाही.
किल्ली त्यांच्याकडेच राहिली. पगार तीन महिने आला.
तरी दर मे महिन्यात ते शेडवर चढून कौलं परतायचे.
दगडाला पाऊस लागला तर काय होतंय? आई विचारायची.
दगडाला नाही गं, नंबराला होतंय.

ते गेले. किल्ली खुंटीला.

गेल्या माघात नवी पोरं आली.
धोरण परत फिरलं म्हणे:
कोळसा किती दिवस पुरणार, सूर्य रात्री नसतो,
तेव्हा घरात काय पडलंय ते पहिल्यापासून मोजा.
अहवाल हैदराबादेत लिहितील,
मुंबईत वाचतील, ठरेल दिल्लीत.
मोजायला मात्र तळेकोपलाच यावं लागतं.
त्यांच्यातली सुवर्चला, राजमहेंद्रीची,
दिवसभर यादी घेऊन शेडमध्ये बसली
आणि दिवेलागणीला आमच्या दारात.
"पेटी सदतीस. एकशेबारा मीटरखालचा
वीतभर तुकडा नाही."

आई लसणाची चटणी वाटत होती.
हात थांबला. वरवंटा हातातच.

आमचा जुना वरवंटा फुटला त्या साली
वडिलांनी आणलेला. जन्मातली एकच चोरी,
तीही स्वतःच राखलेल्या मालातली.

सुवर्चलानं पिशवीतून यंत्र काढून जवळ धरलं.
तडतड. थांबून परत तड.
थेंबभर तेलात मोहरी पडावी, तेवढंच.
मग तुळशीकट्ट्याच्या ग्रॅनाइटशी धरलं.
तिथंही तेवढंच.
घाबरू नका, ती मोडक्या हिंदीत म्हणाली.

आई घाबरली नव्हतीच.
"ह्याच्यात किती युनिट हाईत, विचार की तिला."

पोरगी हसली नाही.
वहीच्या मागच्या पानावर बराच वेळ आकडे मांडले.
"दगड चांगला असता तर वीस. पंचवीस."
आणि हा?
"हा चांगला असता तर शेड बंद पडली नसती."

आमचं त्या महिन्याचं बिल चौतीस युनिट.
आईनं माझ्याकडे बघितलं,
जणू उरलेले नऊ मीच कुठंतरी ठेवलेत.
"चांगला नाही म्हणे," ती वरवंट्याला म्हणाली,
"खरं मला तर चांगलाच लागलास बाबा."

सुवर्चलानं हातोडीनं एका टोकाची ढलपी काढली,
कागदात गुंडाळली, गावाचं नाव विचारलं.
तिच्या यादीत ते तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी होतं.
मी चौथं सांगितलं.
उरलेल्या दगडावर पेन्सिलीनं नंबर घातला, बाण काढला
आणि तो आईच्या हातात परत दिला,
सही घेऊन.

आठ दिवसांत मिरचीनं नंबर खाल्ला.
बाण अजून पुसट दिसतो,
वाटताना फिरतो:
चुलीकडे, आढ्याकडे,
मध्येच कधी आईकडे.