दोन शून्यं

ओझर सोडलं तेव्हा थंडी चार अंशांवर.
बागांच्या बांधाबांधाने शेकोट्या पेटवलेल्या,
धूर वेलींच्या उंचीवरच अडकलेला,
आणि मी स्कूटीवर, मोज्यांवर मोजे चढवून
दिंडोरीच्या रस्त्याने सहाच्या पाळीला.

बाहेर माणसं द्राक्षांना ऊब देत होती.
आत सात नंबरच्या टाकीवर लाल आकडा:
एकोणचाळीस.
रात्री सोडताना सत्तावीस होता.
थंड पाण्याचा व्हॉल्व्ह कुणी बंद ठेवला
हे निवृत्ती पगार फारच मोठ्याने विचारत होता,
म्हणजे त्यानेच ठेवला असणार.

"गुडगुड थांबलीय ताई, चारपासून."
पाइपचं तोंड बादलीत, बादलीतलं पाणी
देवघरातल्या तांब्यासारखं गप्प.

बाहेरून कुणी तापवलं नव्हतं.
ही त्यांचीच धग.
हवा नाही तिथे एका साखरेमागे
अडतीसऐवजी दोनच पदरात पडतात,
दोनावर भागवायचं म्हणून ती घाई करतात,
घाईने तापतात, तापली की आणखी घाई,
आणि एका अंशाला, नेमक्या कुठल्या ते
त्यांनाही कळत नाही,
विकरांची घडी मोडते.
इस्त्री जास्त बसलेल्या नायलॉनसारखी.
मग ती परत घालता येत नाही.

अकरावीत भामरे मॅडमनी पाच नळ्या दिल्या होत्या.
साखरेचं पाणी, चिमूट चिमूट यीस्ट, वर तेलाचा थर.
एक बर्फात, एक टेबलावर,
तीन पातेल्यांत, वाढत्या आचेच्या.
मिनिटाला बुडबुडे मोजा, म्हणाल्या.
मी मोजले: शून्य, नऊ, एकतीस, चार, शून्य.
आलेख काढला, छान डोंगर झाला,
चांभार लेण्यांच्या डोंगरासारखा, दोन्ही पायथे जमिनीला.
मॅडमनी लाल पेनाने दोन्ही पायथ्यांना गोल केले.
"ही दोन शून्यं सारखी आहेत?"
मी हो म्हटलं. शून्य म्हणजे शून्य.

त्यांनी बर्फातली नळी माझ्या मुठीत दिली.
धर, म्हणाल्या, आणि हजेरी घ्यायला गेल्या.
आहेर, कदम, खैरनार, गांगुर्डे...
सोनवण्यांपर्यंत आल्या असतील
तेव्हा माझ्या तळव्यापाशी
एक बुडबुडा सुटला.
मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा.

उकळत्या पातेल्यातली नळी मी त्या दिवशी
घंटा होईपर्यंत मुठीत धरून बसले.

निवृत्तीने व्हॉल्व्ह उघडला, वर पाण्याचा पाइपही धरला.
टाकीचं स्टील कडकडलं.
अडतीस. साडेसदतीस.
"होईल ना चालू?" तो विचारतो. त्याला दोन मुली आहेत,
हे तो आत्ताच का सांगतोय ते मला कळतं.

मी थेंबभर रस काचपट्टीवर घेते,
त्यात निळा रंग सोडते.
मेलेल्या पेशी रंग आत घेतात,
जिवंत असतात त्या नाकारतात.
इतकंच त्यांचं म्हणणं.

सूक्ष्मदर्शकावर डोळा टेकवते.
निळी. निळी. निळी. निळी.
निळी.
कोरी.
निळी, निळी, निळी,
आणि एका कोपऱ्यात एक कोरी,
कडेला तिच्या टाचणीच्या टोकाएवढा कोंब,
की तो काचेवरचा कण?

"ताई?"
"थांब. मोजतेय."

वहीत सहा वाजताचा रकाना आहे.
बुडबुडे: शून्य, असं लिहायला हवं.
मी पेन धरून बसलेय,
दुसरा हात टाकीवर ठेवलाय,
टाकी अजून माझ्यापेक्षा गरम आहे.