अर्थिंग

खाली हळदीची वखार, वर माझी खोली.
कितीही झाका, पिवळी पूड
पोर्टांच्या भोकांत जाऊन बसतेच.
ब्रशनं झाडतो. फुंकर नाही मारत,
थुंकी लागते.

आज भरमू चौगुले आलेत.
सांगलीच्या यार्डात एकतीस वर्षं सौदे पुकारले,
सोमवारी मिरजेत गळ्याचं ऑपरेशन.
"तेवढा आवाज काढून ठेव," म्हणाले,
सातबारा काढून ठेव म्हणावं तसं.

माईकची वायर एक नंबरला. खट्.
अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटण, तांबडा दिवा.
मागं स्पीकरच्या दोन पिना,
डावी-उजवी उलटी लागली, काढली, लावली.
यूएसबी शेवटी.
आणि घूंऽऽऽ.

वायर बदलली. पोर्ट बदललं.
पंखा बंद, ट्यूब बंद, चार्जर उपटला.
घूं तसाच,
भिंतीच्या पोटात कुणी कण्हत असल्यासारखा.

अण्णा उठले, न बोलता जिना उतरले.
खिडकीतून बघतो तर
मीटरखालच्या अर्थिंगच्या खड्ड्यात
बादलीनं पाणी ओततायत, सावकाश,
रोपाला घालावं तसं.
"आमचा काटा बी उन्हाळ्यात असाच पिसाळायचा."

कानात एकदम मोकळं झालं.
इतकं, की त्यांचा श्वास ऐकू यायला लागला,
मधेच अडकणारा.

"काय पुकारू? माल कुठाय?"

खिडकीच्या फळीवर एक हळकुंड पडलं होतं, ते दिलं.
त्यांनी ते उजेडात फिरवलं,
कट्‌कन मोडलं,
आतला रंग बघितला,
आणि पहिल्याच आकड्याला
पट्टी लालमधे गेली.

गेनच्या बटणावर बोट होतं माझं.
फिरवलं नाही.