रुमालाखालचा भाव

आधी डोळा.
दोन वर्षांपूर्वी मिरजेला डॉक्टरीणबाईंनी
नारिंगी थेंब टाकून निळा उजेड धरला
आणि मला म्हणाल्या, या, इथून बघा.
बाबांच्या बुबुळावर हिरवी फांदी,
बारीक, बिनपानांची, टोकांना गाठी.
लहानपणी ओठावर जर मुतायचा ना, तोच विषाणू,
नसेत मुक्काम करून असतो.
बाबा म्हणाले, मग भाडं घ्या की त्याच्याकडनं.

फांदी विरली. डाग राहिला.
एका डोळ्याने हळकुंडाची मोड बघायचे,
दर कधी चुकला नाही.

यंदा फाल्गुनात, मार्केट यार्डात,
सौदा ऐन रंगात असताना
तवनाप्पा दलाल ताडकन उठले:
हळद जळतीय. पोती हलवा.
दुसऱ्या कुणाला वास नव्हता.
हमालांनी तरी अख्खी थप्पी उलथली.
संध्याकाळी ताप. रात्री चपलेला 'परवा' म्हणाले,
परवा कुठे ठेवलीस माझी.
पहाटे झटका.

पुन्हा मिरज. पाठीतलं पाणी काढलं.
फोटोत कानशिलाआडचा मेंदू सुजून पांढरा.
एकवीस दिवस, दर आठ तासांनी बाटली,
आणि मी नळीतले थेंब मोजत.
जुना भाडेकरू
माडीवर चढला होता.

सांगलीत आणलं तेव्हा पुलावरून
कृष्णा ओळखली त्यांनी.
हळदीला म्हणाले, ती पिवळी.
मला म्हणाले, बाई, तुम्ही कुणाच्या?
मी राजमती, म्हटलं. बरं, म्हणाले.
आईला काहीच नाही. नुसतं बघत राहिले,
चांगल्या डोळ्याने, आणि डागाच्याही.

काल दोरीवरचा पंचा ओढला त्यांनी,
माझ्या हातावर टाकला
आणि खालून बोटं धरली.
चार. मग तीन. मग नुसती करंगळी, जोरात.

ही भाषा मला येत नाही.
यार्डात पोरींना कोण शिकवतं?
थोरल्याला शिकवली, तो पुण्यात गाड्या विकतो.

तरी अदमासे दोन बोटं दाबली.
बाबांनी मान हलवली: परवडत नाही.
तीन दाबली.
हसले. घामेजला हात, पण पकड तीच,
पंच्याखाली कुणी कुणाचं नाव विचारत नाही.

आई चहा घेऊन आली.
काय ठरलं मग? म्हणाली.

थांब जरा, कुसुम,
बाबा म्हणाले,
अजून तुटत नाहीये.