पाणी बघ

वाळवी बघू नको, पाणी बघ,
तुस्कानो म्हणायचा.
स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चौकट ठोकायचा
आणि कान लावायचा, डॉक्टरसारखा नाही,
उधार मागायला आल्यासारखा.

खोरशेदबाईंच्या पियानोत होती ती कोरड्या लाकडातली.
तिला जमीन नको, नळ नको,
लाकडातच मुरलेली ओल पुरते.
अख्खा खटला एका पायात.
वेगळे मजूर नाहीत, पोरंच राबतात.
खाली पडायची खसखस. भिंगाखाली धरली
तर दाणा न् दाणा सहा अंगांनी घडवलेला.
बाई म्हणाल्या, रवा सांडला असेल, डिकरा.
दहा वर्षं त्या रोज रवा झाडत होत्या.

विक्रोळीची जमिनीतली.
तिचं पाणी खाली, जेवण वर,
म्हणून मधे मातीची नळी, मीटर रूममधून
थेट ऑफिसपर्यंत, थुंकीनं लिंपलेली.
नळी मोडा, दोन रात्रींत पुन्हा उभी.
आंधळी असते, त्यामुळे खचून जात नसावी.
तिनं सेक्रेटरी हरचेकरांचं कपाट खाल्लं:
पुठ्ठे शाबूत, आत माती.
अडतीस बिऱ्हाडांच्या भाडेपावत्या.
बिल्डरचा माणूस सोमवारी येणार होता.
हरचेकर मातीत बोटं घालून म्हणत राहिले,
केणींची इथंच होती, वरून तिसरी.

आरेतल्या वारुळाला औषध घालायचं नाही,
तुस्कानोनं ठेकेदाराला सांगितलं, आणि त्या दिवसाची
माझीही मजुरी बुडवली.
ती शेतकरी आहे, म्हणाला,
पाचोळा चावून तळघरात बुरशी पिकवते,
राणी वीस वर्षं अंधारात पडून.
पाड्यावरच्या पोरांनी वारुळाचा स्टंप केलेला.
चेंडू लागला की ढेकूळ उडायचं,
पोरं आउट, आतली कामाला.

पंचवीस वर्षं त्यानं तोंडाला फक्त रुमाल बांधला.
मार्चात गेला. फुफ्फुसं.
गोराईला पेटी खांद्यावर घेतली तेव्हा
बोटाचं पेर आपोआप वळलं
आणि मी ठोकलं. हळूच, दोनदा.
ग्रेसीनं वळून पाहिलं.

भरीव वाजलं.

आंब्याची फळी, कच्ची, स्वस्तातली.
खड्ड्याच्या तळाशी माती काळसर,
विहीर वीस पावलांवर.
पाणी बघितलं.
कुणाला काही बोललो नाही.