तीन म्हणजे नऊ

लाइटबिलाच्या पाठीमागे लिहून दिलंय हेनोकने.
वरच्या खोलीत राहतो, पाच वर्षं झाली भोसरीत.
मराठी आपल्यासारखंच बोलतो, फक्त ळ जरा जपून टाकतो,
काचेची गोटी टाकावी तसा.

मी अदिस अबाबाला चाललोय
तेलघाण्याचं मशीन बसवायला.
पासपोर्ट कंपनीने काढून दिला. फोटोत मी
कुणाच्या तरी मयताला उभा असल्यासारखा.

पिवळ्या तापाची लस दहा दिवस आधी.
ते कार्ड पासपोर्टच्या पोटात ठेवा, बॅगेत नको.
पहिल्या दिवशी जिना चढायची घाई नको, खंडूभाऊ,
सिंहगडावर दुसरा सिंहगड ठेवला
तर त्याच्या जरा खाली आमचं शहर.
दम लागेल. तंबाखूला बोल लावू नका, हवाच पातळ.
स्वेटर घ्या, कौसल्यावहिनी हसल्या तरी.

विमानतळाच्या भागाचं नाव बोले.
निळ्या-पांढऱ्या गाडीतून पोरगा ओरडत असतो, बोले, बोले, बोले,
जसा आपला नाशिक फाटा, नाशिक फाटा.
तुम्ही काही बोलू नका. बसा.
टॅक्सी असेल तर भाव आधी ठरवा,
मीटरची भांडणं इथंच ठेवून जा.

मोबाइल पुढच्या खिशात.
एक जण धक्का मारून माफी मागेल, तेव्हा दुसऱ्याकडे बघा.
शिपाई, सरकारी इमारत, पूल, यांचे फोटो नकोत.
बिर बँकेतच घ्या, पावती जपा.

बुधवार-शुक्रवार उपास. "त्सोम" म्हणा,
दूध-अंडंसुद्धा येणार नाही ताटात.
शिरो मागितलात तर शिरा येणार नाही, पिठलं येईल.
खाली अंथरलेली ती आंबोळी, आंबट, जाळीदार.
ताट एकच, सगळ्यांचं. उजव्या हाताने खा.

इथं मी त्याला थांबवलं. उजव्या हाताचं
तर्जनीचं दीड पेर
प्रेसखाली गेलंय, हे त्याला ठाऊक आहे.
तो म्हणाला, आमचं वर्ष सात-आठ वर्षं मागे चालतं,
तेरा महिने असतात, तेरावा पाच दिवसांचा.
तुम्ही उतराल तेव्हा, काय राव, बोट असेलच की जागेवर.
दोघंही हसलो. मग मी हात खिशात घातला.

घड्याळ नीट समजून घ्या.
दिवस उजाडतो तिथून आम्ही मोजतो.
साइटवर तीनला या म्हणाले तर नऊला जायचं.
आपलं की तुमचं, एवढं विचारून घ्या,
नाहीतर मशीन एका वेळेला आणि फिटर दुसऱ्याच.

यापुढे अक्षर बारीक होत गेलंय, कागद संपत आलाय.

आईचं नाव अलमाझ. घराला नंबर नाही.
चर्चच्या मागे, निळा पत्रा, भोसरीत सांगतो तसंच विचारत जा.
हे पाच वर्षांपूर्वीचं आहे.
रस्ते रुंद केलेत म्हणे. पत्रा नसेल तर
चर्चपाशी बायका कॉफी विकतात, त्यांना नाव सांगा.

ती खांद्याला खांदा लावेल. मागे सरू नका.
हाताने घास भरवेल, मोठाच करते. तोंड उघडा.
कॉफीचे कप तीन. तिसऱ्याच्या आत उठलात
तर आशीर्वाद चुलीवरच राहतो.
मी बारीक झालोय का विचारेल. नाही म्हणा.

सगळ्यात खाली एक ओळ त्यांच्या लिपीत.
उभ्या-उभ्या अक्षरांची, हातपाय फुटलेल्या खिळ्यांसारखी.
ही फक्त दाखवायची.
काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.

वर त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज येतोय.
माझ्या घड्याळात साडेबारा.
त्याच्या, मी बोटांवर मोजतो,
एक बोट कमी पडतं म्हणून पुन्हा मोजतो.

बिलाची मुदत सोळा तारीख, अकराशे चाळीस रुपये.
कौसल्या म्हणते, झेरॉक्स काढ आणि भरून टाक एकदाचं.
काढली.
दोन्ही बाजूंची.